उष्णता जाणार कुठे?



बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, 'केमिकल घेतलं तर पोरानं आयुष्यभर परीक्षानळ्याच हलवायच्या का?' हा गैरसमज आधी दूर करू. परीक्षानळीतले काम रसायनशास्त्रज्ञाचे. त्याने काचपात्रात जे साधले ते टनावारी, रोज, त्याच दर्जाचे आणि सुरक्षितपणे तयार करणे, हे केमिकल इंजिनिअरचे काम.

यात अवघड काय? एक लिटरऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे भांडे घ्या. आतला माल हजारपट होतो. पण भांड्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे उष्णता बाहेर पडायला दर लिटरमागे जागा उरते एक दशांश. आपल्या नाशिकच्या वायनरीचेच उदाहरण घ्या. द्राक्षरस आंबताना तापतो. बरणीत ते फारसे जाणवत नाही. मोठी टाकी मात्र मुद्दाम थंड ठेवावी लागते. नाहीतर सुगंध उडतो आणि यीस्ट मरते.

वाइन बिघडली तर नुकसान पैशांचे. पण डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. हजारो माणसे प्राणाला मुकली.

पदवीनंतर सुरुवात बहुधा उत्पादन विभागात, पाळीने होते. रात्रपाळी आली, हेल्मेट आले, वासही आला. काही मुले इथेच कंटाळून सॉफ्टवेअरकडे वळतात. माझे सांगणे एवढेच, की पहिली दोन-तीन वर्षे प्लांट सोडू नका. पंपाचा बदललेला आवाज पुस्तकात ऐकू येत नाही. तिथून पुढे डिझाइन, सुरक्षा, सांडपाणी प्रक्रिया, संशोधन, स्वतःचा उद्योग अशा अनेक वाटा फुटतात. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

मुलांनो, मुलींनो, मुलाखतीत पगार जरूर विचारा. पण 'प्लांट बघायला मिळेल का?' असेही विचारा. आणि पालकहो, गुणांबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. पहाटे तीनला तापमान चढू लागले आणि वरून 'काम थांबवू नका' असा फोन आला, तर 'मी थांबवतोय' असे म्हणण्याचे धैर्य आपल्या मुलात आहे का? या पेशाची खरी परीक्षा तीच आहे.