आधी हंडा, मग तळं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या तयारीच्या दिवसांत मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला होता. मनमाडच्या आमच्या घराच्या परसातलं छोटं तळं, कडेला काळे धोंडे, त्यावर बसलेला एक बगळा. पाच मिनिटांत उत्तर आलं, "हे मनमाड नव्हेच!" पाठोपाठ दुसरं आलं, "आमच्याकडे नळाची वाट बघतायत आणि ही बाई शोभेचं तळं बांधतेय." मग संयोजकांनी फर्मावलं की याच विषयावर दहा मिनिटं बोल. म्हणून उभी आहे. एरवी माझा धंदा संगणकाच्या पडद्यासमोर बसून मुकाट्याने काम करण्याचा.

ग्रुपवरचा तो टोमणा मी हसण्यावारी नेला नाही, कारण तो प्रश्न खरा आहे. आईच्या शेजारच्या काकूंनीही मला तो विचारला होता, आणि त्या थट्टेत विचारत नव्हत्या. "पोरी, पाणी दिसायला ठेवतात का गं आपल्याकडे?" आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आपण कोणत्या गावात वाढलो ते इथे कुणाला सांगायला नको. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं. ते आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. पिंप, कळशा, पातेली, बादल्या झाल्या की शेवटी वाट्या आणि तांबेसुद्धा. "पाणी आलं होतं" हे उशिरा येण्याचं कारण आपल्या वर्गात चालायचं, कारण सरांच्या आणि बाईंच्या घरीही तोच नळ होता. वागदर्डीत किती पाणी उरलंय याची बातमी क्रिकेटच्या धावसंख्येसारखी गावभर फिरायची. पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं, पाटोद्याच्या साठवण तलावात पाणी पोचलं, तिथून उपसून वागदर्डीत आलं, हा सगळा प्रवास आपल्याला शाळकरी वयातच पाठ होता. करंजवण धरणातून थेट पाणी आणण्याच्या योजनेकडेही काही वर्षं आपण सगळेच डोळे लावून बसलो होतो.

या सगळ्यात एक पाणी मात्र आपण कधी मोजलं नाही. ते म्हणजे आपल्याच गच्चीवर पडून, पाइपातून गटारात आणि गटारातून रामगुळणेत किंवा पांझणेत निघून जाणारं.

त्याचा हिशेब सोपा आहे, आपल्या गणिताच्या सरांनी तोंडी घातला असता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमची गच्ची हजार चौरस फुटांची, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आपण पर्जन्यछायेतले लोक, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. गुणाकार केला की ४६,५०० लिटर होतात. पहिल्या सरीत गच्ची धुऊन जाते ते पाणी, तापलेला स्लॅब पिऊन टाकतो ते, उडून जातं ते, असं पाचवा हिस्सा वजा करा. तरी ३७,००० लिटर उरतात. आई घरी एकटी असते. तिच्या डोक्यावर दरवर्षी एवढं पाणी पडत होतं, आणि ती रात्री दोन वाजता उठून नळाखाली बादली लावत होती.

कामाची सुरुवात तिथून झाली, तळ्यापासून नाही. आईचं वय झालं. भरलेली कळशी उचलणं तिला जमेना आणि पुण्याला यायला ती तयार होईना. म्हणून आधी अंगणाखाली दहा हजार लिटरचा सिमेंटचा हौद बांधला. गच्चीवरचं पाणी चार इंची पाइपातून खाली येतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी झडप फिरवून बाहेर सोडायचं. नंतरचं पाणी खडी, वाळू आणि कोळसा भरलेल्या पिंपातून गाळून हौदात जातं. हौदाला घट्ट झाकण आहे आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी, म्हणजे डासांना वाव नाही. एका रात्रीत ५० मिलिमीटर कोसळला तर साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी येतं. अशा तीन रात्रींत हौद तुडुंब. धुणी-भांडी आणि बाथरूमसाठी दिवसाला ८० लिटर वापरले तर भरलेला हौद चार महिने पुरतो, आणि अधूनमधून नळ येतोच. पिण्याचं पाणी नळाचंच.

आता खरी मेख. आपल्याकडचा पाऊस रोज थोडा थोडा पडत नाही. तो मोजक्या झडींत उरकतो. हौद भरला की पुढच्या झडीचं पाणी पुन्हा गटारात! याहून मोठा हौद बांधायला खर्च फार. आमच्या धंद्यात कोणतीही व्यवस्था आखताना आधी विचारतात की जास्तीचं आलं तर ते कुठे जाणार. तर आमच्या हौदाला सांडवा काढला, आणि त्या सांडव्याच्या तोंडाशी तळं आलं.

परसात दीड फूट माती, मग मुरूम, मग कातळ. मातीला कुदळ पुरली, मुरमाला पहार लागली आणि कातळासाठी दोन दिवस ब्रेकर भाड्याने आणला. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद खड्डा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा, एका कोपऱ्यात मीटरभर खोल. आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. तो कसा अंथरायचा हे चांदवड-येवल्याकडच्या कोणत्याही द्राक्षवाल्याला किंवा कांदेवाल्याला विचारा, तो चहा पाजून सांगेल. तळाचे टोकदार खडे वेचायचे, त्यावर चाळलेली माती, मग कागद, आणि कागदाच्या कडा चर खणून त्यात पुरायच्या. आम्ही कागदावर गोणपाटाचे दोन थर दिले, कारण पुढे धोंडे यायचे होते.

धोंड्यांसाठी लांब जावं लागलं नाही. आपल्या शिवारात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेचून बांधावर टाकलेले गोल काळे दगड आहेत. ते गोल का असतात, आठवतं? भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं. काळा पाषाण भेगांमधून झिजत जातो, त्याचे कोपरे आधी गळतात आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थरावर थर सुटत आतला गाभा गोल उरतो. कांद्याच्या मुलखात दगडानेही कांद्याचंच रूप घ्यावं, याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. मात्र तो दगड हलवायला गेलं की गंमत संपते. दोन फुटांचा गोल धोंडा तीनशे किलोच्या वर भरतो. बांध रचणारे दोन अनुभवी गडी आले होते. पहार, दोर आणि लाकडाचे ओंडके एवढीच त्यांची यंत्रसामग्री. सगळ्यांत मोठे दगड आधी, तळाशी. प्रत्येक दगड रुंद अंगावर बसवायचा, सिमेंट अजिबात नाही. मी मोजपट्टी घेऊन घाई करत होते तेव्हा त्यांतले म्हातारे म्हणाले, "ताई, दगड आपणच बसतो. त्याला बसू द्यायचं असतं."

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. पाणी उघडं ठेवलं तर ऊन पितं, हा त्यांचा मुद्दा बरोबरच होता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला जवळजवळ बोटाच्या जाडीएवढी उतरते, ८-१० मिलिमीटर. बारा चौरस मीटरचं तळं सगळं उघडं ठेवलं तर दिवसाला शंभर लिटर हवेत. आईच्या दिवसभराच्या वापरापेक्षा जास्त! मनमाडमध्ये हे पाप करायला मी तयार नव्हते.

म्हणून तळ्याचा मोठा भाग आम्ही काठोकाठ धोंड्यांनी भरून टाकला. उघडं पाणी जेमतेम पाच चौरस मीटर. बाकीचं पाणी दगडांच्या खाली, सावलीत. धोंडे रचले की त्यांच्यामध्ये साधारण चाळीस टक्के पोकळी राहते. वरून कोरडे दगड दिसतात, खाली पाणी असतं. आपल्या आज्या नदी आटल्यावर पात्रात झिरा खणून वाटीने पाणी भरायच्या ना, तीच ही युक्ती. शिवाय दगडांखालच्या कागदाला ऊन लागत नाही, म्हणून तोही जास्त टिकतो.

आपल्या अंकाई किल्ल्यावर सहलीला गेलो होतो तेव्हा कातळात कोरलेली टाकी पाहिली होती. आपण त्यांत खडे टाकून आवाज ऐकत बसलो. मोठेपणी इतर किल्ल्यांवरची खांबटाकी पाहिली, डोंगराच्या पोटात शिरलेली, वर कातळाचं छत. तेव्हा कळलं की त्या लोकांनी पाणी नुसतं साठवलं नव्हतं, उन्हापासून लपवलंही होतं. मी केलेल्या कामात नवीन असं काही नाही.

तळंही भरलं की त्याला पुढे सांडवा आहेच. ते पाणी जुन्या बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जातं. खाली मोठे दगड, वर खडी, सगळ्यांत वर वाळू. म्हणजे क्रम असा: आधी घरातला हंडा, मग हौद, मग तळं, मग जमीन. तळ्यात नळाचं पाणी घालायचं नाही आणि टँकरचं तर नाहीच, हा नियम आईने पहिल्याच दिवशी घातला. उन्हाळ्यात ते आटलं तर आटू द्यायचं.

आणि ते आटतं. तीन पावसाळे झाले. दर वर्षी एप्रिल संपता संपता उघडं पाणी खोल कोपऱ्यापुरतं उरतं. डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पी मासे तिथे गोळा होतात, आणि आई त्यांतले थोडे हौसेने काचेच्या बरणीत काढून ठेवते. खोल भागावर लोखंडी जाळी आहे, कारण गल्लीतली पोरं येतात. बेडूक आम्ही आणले नाहीत, ते आपणहून आले. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी असा काही गोंधळ घातला की आईने मला रात्री फोन करून ऐकवला.

काकूंचं काय झालं, हे सांगून मुद्द्यावर येते. पहिल्या वर्षी त्या तळ्याकडे बघायच्या नाहीत. दुसऱ्या वर्षी नळाला पाणी यायला बरेच दिवस लागले, तेव्हा आईने हौदाचं झाकण उघडलं आणि चार घरांना धुण्याचं पाणी दिलं. काकूही कळशी घेऊन आल्या. कळशी भरली, मग परसात गेल्या, एका धोंड्यावर बसल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या गच्चीचं पण मोजून दे." पुढच्या सुट्टीत मी मोजून दिलं. त्यांनी तळं केलं नाही, हौद केला. क्रम त्यांनीही बरोबर लावला.

मला वाटतं, पाण्याची टंचाई माणसाला दोन गोष्टी शिकवते. एक काटकसर, आणि ती आपल्या रक्तातच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भीती. पाणी दिसलं की भरून ठेवा, झाका, कुणाला सांगू नका. आमच्या घरी ती भीती होती. आई आयुष्यभर पाण्याकडे फक्त हिशेबाने बघत आली. आता संध्याकाळी ती परसात खुर्ची टाकून बसते. गरजेपुरतं झाकून ठेवल्यावर उरलेलं थोडं नुसतं बघण्यासाठी असू शकतं, हे तिला सत्तरीत पहिल्यांदा अनुभवायला मिळालं. ही चैन आहे, हे मला मान्य आहे. पण कुणाच्या हंड्यातून घेतलेली नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि हीच सांगायला मी माइक धरला आहे. काल मी शाळेच्या इमारतीला बाहेरून चक्कर मारली आणि पावलांनी मोजलं. छत अंदाजे सहा हजार चौरस फुटांचं भरतं. मघाचाच हिशेब लावला तर वर्षाला सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी. ते आज मैदानातून वाहून जातं. मैदानाच्या कोपऱ्यात हौद झाला तर मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, असं पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने तरी होणार नाही. आपल्या वेळी त्यापायी किती जणी दुपारनंतर घरी जायच्या, हे माझ्या मैत्रिणींना सांगायला नको.

मेळाव्याच्या शिल्लक रकमेतून शाळेला काय भेट द्यायची, यावर काल रात्री चर्चा झाली. भिंतीवरचं घड्याळ, कपाट, नावांची पाटी असे प्रस्ताव आले. माझा प्रस्ताव पन्हळी, पाइप आणि हौदाचा आहे. आराखडा मी करून देते. स्थापत्य शाखेचे आपले दोघे मित्र तो तपासतील, त्यांनी मान डोलावली आहे. पैसे कमी पडले तर या वर्षी फक्त पन्हळी आणि पाइप बसवू, हौद पुढच्या वर्षी. नावांची पाटी नको. हौदाच्या झाकणावर फक्त तो किती लिटरचा आहे तेवढं लिहू, म्हणजे मुलं गुणाकार करून बघतील.

आणि तोही हौद भरून पाणी उरलं, तर त्याच्या सांडव्यापाशी एक लहानसं तळं करू. धोंडे मी आणते.