गाडीतला गाणे-बाजा आणि कंडेन्सर



कंडेन्सर हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतून आता कोणाला नवा नाही. पंखा मंद फिरू लागला, की आपण म्हणतो, 'कंडेन्सर गेला असेल.' एकफेजी मोटार नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तरी पहिला संशय त्याच्यावरच. इंग्रजीत त्याला कपॅसिटर म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात धारित्र. नावे तीन, वस्तू एकच.

हाच कंडेन्सर, पण आकाराने पाण्याच्या बाटलीएवढा, गाडीच्या गाण्याच्या सरंजामासाठी दुकानातून विकला जातो. जीपला नाहीतर पिकअपला मोठा अँप्लिफायर आणि खर्जाचे स्पीकर बसवले, की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गाडीचे दिवे मिणमिणतात. मग कोणीतरी सल्ला देतो, 'एक फॅरडचा कंडेन्सर टाक, सगळं ठीक होईल.' पैसे मोजण्यापूर्वी हा सल्ला कितपत खरा आहे, ते आज आपण पाहू.

दिवे का मंदावतात, ते आधी समजून घ्या. इंजिन चालू असताना गाडीला वीज देतो तो अल्टरनेटर, सुमारे १४ व्होल्टने. मागणी त्याच्या ताकदीबाहेर गेली, की दाब उतरतो. तो साडेबारा व्होल्टच्या आसपास आला, म्हणजे बॅटरी मदतीला धावते. हा जो दीड व्होल्टचा उतार, तोच दिव्यांत दिसतो.

आता असे समजा, की अल्टरनेटर हा विहिरीचा झरा, बॅटरी म्हणजे विहिरीत साठलेले पाणी आणि कंडेन्सर म्हणजे दारातली घागर. घागरीतले पाणी चटकन हाती लागते, हे खरे. पण ते असते किती?

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. एक फॅरडच्या धारित्राचा दाब १ व्होल्टने उतरला, तर त्यातून १ अँपिअरचा प्रवाह १ सेकंद मिळतो. १४ वरून साडेबारावर येताना मिळणार दीड अँपिअर-सेकंद. अँप्लिफायरला ८० अँपिअर हवे आहेत आणि अल्टरनेटर त्याच्यासाठी ५० देऊ शकतो, असे धरा. तूट झाली ३० अँपिअरची. दीडला तीसने भागा. उत्तर येते एक-विसांश सेकंद! तेवढ्यात घागर रिकामी. आणि ६० अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीत? ६० गुणिले ३६००, म्हणजे २,१६,००० अँपिअर-सेकंद.

शिवाय कंडेन्सर स्वतः वीज तयार करत नाही. रिकामी झालेली घागर पुन्हा भरायची ती त्याच झऱ्यातून. म्हणजे दमलेल्या अल्टरनेटरवर तेवढा भार आणखी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग तो अगदीच निरुपयोगी आहे का? तसे नाही. ढोलकीची थाप क्षणाची असते. बाकी सारे ठाकठीक असून केवळ अशा तुटक ठोक्यांना दिवे किंचित थरथरत असतील, तर कंडेन्सर ती थरथर कमी करतो. पण लांब घुमणारा खर्ज, जुनाट बॅटरी किंवा अपुरा अल्टरनेटर, यांवर तो औषध नाही.

तेव्हा खर्च करण्याआधी क्रमाने तपासणी करा. बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी काढा आणि क्लँप घट्ट आवळा. अर्थिंगची वायर रंगावर नव्हे, तर खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर पक्की बसवा. मग इंजिन चालू ठेवून लांब खर्जाचे गाणे लावा आणि मल्टिमीटरने दोन ठिकाणी व्होल्ट मोजा : एकदा बॅटरीवर, एकदा अँप्लिफायरवर. बॅटरीवर दाब टिकून आहे, पण अँप्लिफायरवर उतरतो, असे दिसले तर दोष वायरीचा किंवा सांध्यांचा. ८ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या वायरीत ८० अँपिअरला पाऊण व्होल्टहून अधिक दाब वाया जातो. २५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम पाव व्होल्ट. वायर घेताना ती अस्सल तांब्याची आहे ना, हे टोक खरवडून पाहा. वरून तांबे आणि आत अॅल्युमिनियम, अशीही वायर बाजारात असते. आणि दाब बॅटरीवरच उतरत असेल, तर बॅटरी व अल्टरनेटर तपासून घ्या. नाहीतर आवाज थोडा कमी करा. त्याला पैसा पडत नाही आणि कानही शाबूत राहतात.

आता दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. अँप्लिफायरच्या वायरीला बॅटरीजवळच योग्य फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. दुसरे असे, की मोठा कंडेन्सर एकदम जोडू नये. प्रथम योग्य रोधकातून सावकाश भरावा आणि काढताना तसाच रिकामा करावा. त्याच्या दोन टोकांवर पाना किंवा हातातले कडे टेकले, तर मोठी ठिणगी उडून भाजते. धन-ऋण टोकांची उलटापालट तर कधीच होऊ देऊ नका.

शाळेसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे धारित्र ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर धन-ऋण पाहून भरा. मग बॅटरी काढा आणि धारित्राला १००० ओहमचा रोधक व लाल एलईडी जोडा. दिवा लागेल आणि पाहता पाहता विझत जाईल. फॅरड हे एकक मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाच्या नावावरून आले, हेही मुलांना सांगा. घागर किती लवकर रिकामी होते, ते मुले डोळ्यांनी पाहतील. आणि उद्या त्यांतलाच कोणी गाडीला बाजा बसवायला निघाला, तर दुकानदाराला चार प्रश्न विचारल्याशिवाय खिशात हात घालणार नाही.