उघडा चिरा



मी महाड तालुक्यातल्या वीरचा. आमचं गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असलंच तर ते कोकण रेल्वेमुळे. १९९३ साली रोह्याहून निघालेले रूळ आधी वीरपर्यंत आले. सगळी लाईन सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं. पुढे काही वर्षांनी त्याच रुळांवरून, वाटेत एक गाडी बदलून, मी करमळीला उतरलो आणि जुन्या गोव्यात गेलो. बॉम जीझस बॅसिलिका, म्हणजे आपल्याकडे ज्याला सेंट झेवियरचं चर्च म्हणतात, ते पाहायला.

समोरची ती तांबडी, उघड्या दगडाची भिंत पाहिली आणि कविताच सुचली. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पांढरा झगा घालून उभं आहे, आणि हे मात्र आपल्या खऱ्या रंगात, असा काहीसा तिचा आशय. कविता एका दिवाळी अंकात आली, चार लोकांनी वाखाणली. मला स्वतःला ती इतकी पटली की घरी येऊन अब्बांनी बांधलेल्या घराची पश्चिमेची भिंत मी खरवडून घेतली. मंडणगडाकडून आणलेले चांगले जांभ्याचे चिरे चुन्याच्या गिलाव्याखाली कशाला लपवायचे?

दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात आतून ओल उतरली आणि कपाटातली खालच्या फळीवरची पुस्तकं गेली. एका वयस्क गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला पिवळी माती लागली. म्हणाला, "भाई, चिरा उघडा गडग्याला चालतो, घराला नाही. हे तुमच्या अब्बांना म्हाईत होतं."

जांभा हा विचित्र दगड आहे. खाणीत असतो तेव्हा हत्याराने सहज तासता येतो, हवा लागली की कडक होतो. लोखंडाचा अंश त्याला रंग आणि बळ देतो. पण त्याच्या पोकळ्यांत मऊ मातीही असते. पावसाचं पाणी आत शिरलं की ती माती धुऊन नेतं आणि दगड जाळीसारखा पोकळ होत जातो. चुन्याचा गिलावा हा मार स्वतःवर घेतो, शिवाय भिंतीतली ओल बाहेर सोडतो. तो झिजतो, म्हणून पुन्हा करायचा. आमच्याकडे ईदेआधी, शेजारी गणपतीआधी घरांना चुना लागायचा, तो काही नुसता सजावटीसाठी नव्हता.

मग मी बॉम जीझसबद्दल वाचायला लागलो आणि खजील झालो. १५९४ मध्ये पायाभरणी होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च मुळात पांढरंच होतं. बांधणाऱ्यांना दगडाची जात कळत होती. भिंती जांभ्याच्या, वर गिलावा. कोरीव कामासाठी मात्र काळा दगड, तो वसईहून नेलेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने बाहेरचा गिलावा काढून टाकला. स्मारकांचा दगड उघडा करण्याची त्या काळी पोर्तुगालमध्येच चाल होती. म्हणजे मी ज्याला खरा रंग म्हटलं, तो माझ्या जन्माच्या जेमतेम वीस वर्षं आधीचा!

अलीकडे मुद्दाम पुन्हा गेलो. या वेळी कवीच्या नाही, ओल आलेल्या घराच्या मालकाच्या नजरेने पाहिलं. वसईच्या दगडातली नक्षी अजून धारदार आहे. तिच्या आजूबाजूचा जांभा मात्र खडबडीत, जागोजाग खड्डे पडलेला. आत प्रार्थना चालू होती. तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फोज्जिनीने घडवलेला संगमरवरी चौथरा १६९८ पासून तिथे आहे, आणि दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं. वास्तू नांदती आहे, हे तिचं भाग्य. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये तिथल्या साधूंना जावं लागलं आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. अवघी सात वर्षं! मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. आपल्या जिल्ह्यात रेवदंड्याच्या कोटातला सातखणी मनोराही असाच, माणसं गेल्यावर एकटा उरलेला.

बॉम जीझसला संरक्षण नाही असं नाही. १९८६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने अशा स्मारकाभोवती शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. हा कायदा शेजाऱ्याला अडवतो. पावसाला अडवायला चुनाच लागतो. २०२० च्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या रेक्टरांना छताच्या दुरुस्तीसाठी जाहीर हाक द्यावी लागली होती.

गिलावा पुन्हा करावा का, यावर वाद आहे. सत्तर वर्षं लोकांच्या डोळ्यांत हाच तांबडा रंग आहे, छायाचित्रांत हाच आहे, तो पुसायचा का? हे म्हणणं मला कळतं, मीच त्या बाजूचा होतो. तरी माझं मत आता स्पष्ट आहे: गिलावा करावा, आणि तो चुन्याचा करावा. सिमेंट नको, ते ओल आत कोंडतं आणि दगड मागून सुटतो. अडचण आहे ती हातांची. चुना भिजवून मुरवायचा, मळायचा, थरावर थर चढवायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा. एवढा धीर असलेले गवंडी किती उरलेत?

मला माझा गवंडी सापडला होता. एका भिंतीला त्याने एकवीस दिवस घेतले. मी घाई केली तेव्हा म्हणाला, "तुम्ही कविता एका दिवसात करता काय?" नवा गिलावा जुन्याला पुरता जुळलेला नाही, कोपऱ्यावर सांधा दिसतो. ती कविता मी संग्रहात घेतली नाही. कार्यक्रमात कोणी मागितली तर आधी ही भिंतीची हकीकत सांगतो, आणि मग बहुतेक वेळा कविता वाचायची राहूनच जाते.