व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि गिटारचा घुमारा

स्प्रिंग रिव्हर्बमध्ये गिटारचा आवाज खरोखरच पोलादी स्प्रिंगमधून प्रवास करतो. स्प्रिंगच्या एका टोकाला इवलासा चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती छोट्या कॉइलचे गाभे असतात. कॉइलमधून गिटारचा प्रवाह गेला की चुंबक किंचित वळतो आणि तो पीळ स्प्रिंगमधून पुढे सरकतो. दुसऱ्या टोकाला तशीच जोडी त्या पिळाची पुन्हा वीज करते. लाट मात्र तिथे संपत नाही. ती टोकावरून उलटते, मागे येते, पुन्हा जाते आणि दर फेरीला थोडी क्षीण होते. या फेऱ्या एकमेकींत मिसळल्या की कानाला घुमारा ऐकू येतो.

ही कल्पना मूळची टेलिफोनवाल्यांची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या तारांमधला विलंब हुबेहूब उभा करण्यासाठी स्प्रिंग वापरली गेली. ऑर्गन बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंड यांनी ती संगीतात आणली, कारण चर्चमध्ये भरून वाहणारा ऑर्गन घरच्या दिवाणखान्यात कोरडा वाजे. १९६०च्या सुमारास हॅमंड कंपनीची ‘टाइप ४’ ही आटोपशीर स्प्रिंगची पेटी आली. १९६१मध्ये फेंडर कंपनीने व्हॉल्व्हचे सर्किट जोडून गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब युनिट काढले. पुढे १९६३पासून रिव्हर्ब अँप्लिफायरच्या पोटातच गेला. घरी बांधायला मात्र १९६१चा आराखडाच सर्वांत समाधान देणारा आहे. तो कोणत्याही अँप्लिफायरच्या आधी जोडता येतो आणि स्प्रिंगला किती जोराने हलवायचे हे वादकाच्या हाती ठेवतो.

स्प्रिंगची पेटी, म्हणजे टँक, घरी बनवण्याच्या फंदात पडू नये. कॉइल, चुंबक आणि केसासारख्या तारेवरचे टांगणे यांत एवढी अचूकता लागते की हौशी हाताला ती साधत नाही. टाइप ४ टँक सुमारे ४२.६ सेंटीमीटर लांब असतो आणि आजही नवा मिळतो. त्यातील दोन स्प्रिंगांचा विलंब मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, एकीचा ३३ आणि दुसरीचा ४१ मिलिसेकंद. दोन्ही सारख्या असत्या तर प्रतिध्वनी एकाच ठेक्यात मोजता आले असते. शिवाय स्प्रिंगमधून सगळे स्वर एका वेगाने जात नाहीत. खालचे आधी पोचतात, वरचे मागून येतात. तार झटक्यात छेडली की पाण्याचा थेंब पडल्यासारखा जो आवाज निघतो, तो या मागे-पुढे होण्यातून.

सर्किटचा सगळा कस टँकच्या दोन टोकांशी लागतो. गिटारसाठी रूढ असलेल्या टँकची संकेत आत घेणारी कॉइल १ किलोहर्ट्झला ८ ओहमची असते आणि तिला सुमारे २८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. गणित केले तर ही ताकद सहा-सात मिलिवॉट भरते. एवढ्यासाठी पॉवर व्हॉल्व्ह कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण ही कॉइल स्पीकरसारखी वागत नाही. तिचा विरोध स्वराच्या उंचीबरोबर वाढत जातो. ४ किलोहर्ट्झला तो ३२ ओहमच्या आसपास पोचतो आणि साध्या अँप्लिफायरने चालवले तर नेमके वरचे स्वर मरतात. पेंटोड जातीच्या व्हॉल्व्हचा अंतर्गत विरोध मोठा असतो. त्यामुळे समोरचा विरोध वाढला तरी तो प्रवाह रेटत राहतो. फेंडरने ६के६ आणि त्याच्याच कुळातला ६व्ही६ वापरला तो यासाठी, आणि थेंबासारखा आवाज हवा असेल तर ही जागा पेंटोडलाच द्यावी.

इथे ठाणे जिल्ह्याचा स्वतःचा वारसा कामी येतो. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या घरांत माळ्यावर आजही व्हॉल्व्ह रेडिओ सापडतात. त्या पिढीच्या अनेक संचांत शेवटचा व्हॉल्व्ह ईएल८४ असे आणि बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी तो देशातच बनवत असे. ईएल८४ पेंटोडच आहे. त्याच्या जोडीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर साधारण ५,००० ओहमला स्पीकरच्या काही ओहमवर आणतो. ५,००० आणि ८ ओहम धरले तर वेढ्यांचे प्रमाण २५ला १ येते. म्हणजे टँकच्या २८ मिलिअँपिअरसाठी व्हॉल्व्हला जेमतेम १.१ मिलिअँपिअरची हालचाल करावी लागते. थोडक्यात, रेडिओचा शेवटचा टप्पा जवळजवळ जसाच्या तसा टँक चालवू शकतो. फक्त कॅथोडचा रेझिस्टन्स नेहमीच्या १३५ ओहमऐवजी २२० ते २७० ओहम ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह थंड चालतो आणि जास्त वर्षे टिकतो. चालू स्थितीतला, डायल शाबूत असलेला रेडिओ मात्र यासाठी कधीही फोडू नये. ज्याची पेटी वाळवीने खाल्ली आहे, तोच घ्यावा.

एक धोका ठळकपणे सांगितलाच पाहिजे. यूसीएल८२, यूवाय८५ अशा ‘यू’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसी, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अशा चॅसीला गिटार जोडली तर तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. त्या संचाचे सर्किट या कामाला वर्ज्य. त्याऐवजी वाइंडिंगच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा: २२०-०-२२० व्होल्ट, ६० मिलिअँपिअर, आणि फिलामेंटसाठी ६.३ व्होल्ट, २ अँपिअर. चॅसीला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग हवेच. जुने कंडेन्सर कितीही चांगले दिसले तरी बदलावेत. रेझिस्टन्स, नवे कंडेन्सर, सॉकेट आणि टॅगस्ट्रिप लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर मिळतात.

टँकच्या दुसऱ्या टोकाला परिस्थिती उलटी असते. बाहेर येणारा संकेत काही मिलिव्होल्टचा, म्हणून तो ईसीसी८३ या दुहेरी व्हॉल्व्हच्या अर्ध्या भागाने उचलून मोठा करावा लागतो. इथेच गुणगुण शिरते. या टोकाची कॉइल मेन्स ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र हौसेने पकडते आणि शिल्डेड वायरने ते थांबत नाही. खरा उपाय अंतर आणि दिशा हाच. टँक पक्का बसवण्याआधी युनिट चालू ठेवून तो हातात सावकाश फिरवावा. एका विशिष्ट कोनात गुणगुण अचानक खाली बसते. स्क्रूची भोके त्या कोनाला पाडावीत. टँकच्या आधी ५०० पिकोफॅरडचा कंडेन्सर आणि १ मेगओहमचा रेझिस्टन्स लावला की सुमारे ३२० हर्ट्झखालचा भाग गळतो आणि घुमारा गढूळ होत नाही.

टँक हादरेही ऐकतो. ठाणे किंवा डोंबिवलीत रुळांलगतच्या इमारतीत जलद लोकल गेली की जमिनीचा कंप त्यात उतरू शकतो. म्हणून टँक थेट लाकडावर न आवळता रबरी वॉशर किंवा मऊ फोमवर ठेवावा. रंगमंचावर युनिट बासच्या स्पीकरवर ठेवू नये. खाडीकाठच्या पावसाळी हवेत स्प्रिंगला गंज धरतो. टँक पुठ्ठ्याने झाकून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर बराच फरक पडतो. स्प्रिंगला तेल मात्र लावू नये, त्याने लाट दबते.

पहिल्यांदा वीज देताना रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची सिरीज बल्बची रीत पाळावी. ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब वाटेत जोडला की तो आधी झगमगतो आणि सगळे ठीक असेल तर मंदावतो. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट उरतात. त्यांच्यावर २२० किलोओहमचा रेझिस्टन्स कायम जोडलेला असावा, आणि तरीही मीटरने मोजल्याखेरीज आत हात घालू नये. टँकची पिन काढून युनिट वाजवणेही टाळावे, कारण भार नसताना पेंटोड आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घातक व्होल्टेज उभे करतो.

युनिटला तीन पॉट, म्हणजे फिरवायच्या कळा, लागतात. टोन घुमाऱ्याची चमक ठरवतो, मिक्सर त्याचे प्रमाण ठरवतो, आणि ड्वेल स्प्रिंगला किती हलवायचे ते ठरवतो. मिक्सर आणि ड्वेल नवख्याला सारखेच वाटतात, पण ते तसे नाहीत. ड्वेल कमी आणि मिक्सर जास्त ठेवला तर आवाजामागे मऊ सावली राहते आणि सोबतीला गायक असताना हीच मांडणी बरी. ड्वेल वाढवला की कॉइलचा गाभा संपृक्त होऊ लागतो, झटका खरखरीत होतो, आणि द्रुत लयीत छेडलेल्या खर्जाच्या तारा एकमेकींत चढतात. ड्वेल निम्म्याच्या आसपास ठेवून आधी मिक्सर लावावा आणि जागा किती मोठी, लोक किती, हे पाहून मग ड्वेलला हात घालावा. भरलेल्या सभागृहात थोडा जास्त चालतो, घरच्या खोलीत कमीच पुरतो.