महानायकाची वाट पाहणारे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण दिले तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आयुष्याची तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून बोलणाऱ्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? परंतु आम्ही विषय कळविला तो सुपरहीरोंच्या येऊ घातलेल्या चित्रपटांचा, त्यांच्या जाहिरातीचा आणि त्यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बाहुल्यांचा. चालकांनी फोन करून पुन्हा एकवार खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्त होता, म्हणून हा विषय आमच्या वाट्यास कसा आला ते आधी सांगतो.

२०१९ च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. मे दिनाच्या तयारीसाठी आम्ही एका कारखान्याच्या दारात सभा बोलावली होती. वयस्क मंडळी आली, पण पहिल्या पाळीची तरुण पोरे एकजात गैरहजर. चौकशी करता कळले, की २६ एप्रिलला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ लागला आहे आणि पोरे तिकडे गेली आहेत. मुंबईत त्या दिवसांत काही चित्रपटगृहे रात्रभर खेळ करीत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांस फैलावर घेतले. त्यांतला एक शांतपणे म्हणाला, “अण्णा, तुम्ही रागावताय ते बरोबर आहे. पण या पिक्चरची आम्ही अकरा वर्षं वाट बघितलीय. तुम्ही यातला एक तरी बघितलाय का?”

आम्ही एकही पाहिला नव्हता. न पाहताच आम्ही त्यास अफूची गोळी म्हणून मोकळे झालो होतो. शिवाय ते अकरा वर्षांचे गणित चोख होते. त्या मालिकेतला पहिला चित्रपट २००८ सालचा. आमच्या वेतनकराराची मुदत केव्हा संपते, हे मात्र त्या पोरास सांगता आले नसते. ही अशी चिकाटीची वाट पाहणे माणसांत निर्माण कसे होते, ते कोण घडविते आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडते, हे समजून घेतल्याशिवाय त्या पोरांपुढे पुन्हा उभे राहावयाचे नाही, असे आम्ही ठरविले. त्यानंतर जे वाचले व पाहिले, त्याचा हा हिशेब.

आपल्याकडे म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अमेरिकेतील चित्रपटधंद्याने या म्हणीचा कारखाना उभारला आहे. २६ मार्च २०२५ रोजी मार्व्हल कंपनीने आपल्या पुढच्या मोठ्या चित्रपटातील नटांची नावे जाहीर केली. कशी? एकामागून एक खुर्च्या दाखवावयाच्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एक नाव. हा कार्यक्रम पाच तासांहून अधिक चालला आणि जगभर लोक तो पाहत बसले. चित्रपट पडद्यावर येण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवधी होता. रिकाम्या खुर्च्या पाहण्यास लोक पाच तास बसतात, याचा अर्थ त्यांना वेड लागले आहे असा आम्ही पूर्वी केला असता. आज आम्ही एवढेच म्हणतो, की त्या खुर्च्यांवर बसलेली होती ती लोकांची अपेक्षा.

याची मुळे जुनी आहेत. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ नावाचा चित्रपट निघाला. तो सुपरहीरोंचा नव्हे, पण खेळण्यांच्या या धंद्यास आजचे वळण लावले ते त्यानेच. तो इतका चालेल असे खेळणी करणाऱ्या केनर कंपनीस वाटले नव्हते. नाताळ आला तरी तिच्यापाशी बाहुल्या तयार नव्हत्या. तेव्हा तिने एक चपटे खोके विकावयास काढले. आत होते एक चित्र, काही चिकटपट्ट्या आणि एक प्रमाणपत्र. ते पाठविल्यास चार बाहुल्या पुढल्या वर्षी टपालाने घरी येतील, एवढाच त्याचा अर्थ. नाताळच्या दिवशी पोरांच्या हाती पडले ते आश्वासन. मालकाचे आश्वासन रोख पैसे मोजून विकत घेतले गेल्याचे उदाहरण आमच्या चळवळीच्या अनुभवात तरी नाही.

पण चाहता हा केवळ मेंढरू आहे असेही कोणी समजू नये. १९८८ साली बॅटमनच्या चित्रपटासाठी मायकेल कीटन या नटाची निवड जाहीर झाली. तो विनोदी भूमिका करणारा. चाहते खवळले आणि वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे गेली, असे सांगतात. पत्रास पाकीट लागत असे, तिकीट लागत असे, त्या काळची ही गोष्ट. कंपनी नमली नाही, पण घाबरली. तिने घाईघाईने चित्रपटाची झलक तयार करून चित्रगृहांत पाठविली. ती पाहण्यासाठी लोक दुसऱ्याच चित्रपटाचे तिकीट काढीत आणि झलक संपताच उठून जात. २३ जून १९८९ ला चित्रपट लागला तोवर वटवाघळाचे ते चिन्ह सदऱ्यांवर, टोप्यांवर, पेल्यांवर जाऊन बसले होते. लोकांचा राग कंपनीने जाहिरातीत वळवून घेतला. हे मालकाचे कसब आहे आणि ते आम्ही संपांतही पाहिले आहे.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो.

क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळासोबती. एक लिहिणारा, एक चित्रे काढणारा. दोघेही गरीब ज्यू स्थलांतरितांचे मुलगे. त्यांनी सुपरमॅन निर्माण केला आणि मार्च १९३८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचे सर्व हक्क प्रकाशकास विकले. किंमत मिळाली १३० डॉलर, दोघांत मिळून. ज्या अंकात सुपरमॅन प्रथम आला तो अंक दहा सेंटला मिळे. पुढे सुपरमॅन रेडिओवर गेला, पडद्यावर गेला, डब्यांवर आणि बिल्ल्यांवर गेला. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले. तडजोडीत काही रक्कम हाती आली, पण हक्क गेला तो गेलाच आणि त्याच्याबरोबर अंकांवरील त्यांचे नावही गेले. वारूळ मुंग्यांनी बांधावे आणि आयत्या बिळात नागोबाने राहावे, हे आपल्या बायाबापड्यांस सांगावयास नको.

१९७५ साली सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट निघणार असल्याचा गाजावाजा सुरू झाला. मार्लन ब्रँडो या नटास त्यातील छोट्या भूमिकेसाठी सुमारे ३७ लाख डॉलर द्यावयाचे पुढे ठरले. त्या वेळी सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होता. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आश्रयाने राहत होता. सीगलने एक लांबलचक पत्रक लिहून वर्तमानपत्रांस धाडले. त्यात त्याने त्या चित्रपटास चक्क शाप दिला. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी ती बाजू उचलून धरली, व्यंगचित्रकारांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या, दूरचित्रवाणीवर दोघे वृद्ध लोकांस दिसले. ज्या माणसाचे लहानपण सुपरमॅन वाचण्यात गेले त्या प्रत्येकास लाज वाटली. डिसेंबर १९७५ मध्ये वॉर्नर कंपनीने दोघांस वर्षास प्रत्येकी वीस हजार डॉलर देण्याचे मान्य केले आणि सुपरमॅनवर त्यांचे नाव पुन्हा घालण्याचेही मान्य केले. डिसेंबर १९७८ मध्ये चित्रपट लागला तेव्हा ती दोन नावे पडद्यावर होती.

मंडळी, येथे क्षणभर थांबा. न्यायालयांनी जे दिले नाही ते कंपनीने का दिले? तिचे हृदय एकाएकी द्रवले म्हणावे, तर आधीची सदतीस वर्षे ते कोठे होते? कारण चित्रपट अजून यावयाचा होता! कोट्यवधी डॉलर लोकांच्या अपेक्षेवर लावलेले होते आणि त्या अपेक्षेस डाग लागणे कंपनीस परवडणारे नव्हते. आपले कामगार बोनसची मागणी दिवाळीनंतर करतात काय? मालाची गाडी दाराबाहेर पडण्यापूर्वीच मालकाचे कान उघडे असतात, हे आमच्या निरक्षर जुन्या साथींनाही ठाऊक होते. सीगलने तेच केले. चाहत्याची अपेक्षा ही मालकाची पुंजी खरीच, पण तीच त्याची दुखरी नसही आहे.

या गोष्टीस एक शेपूट आहे. ज्या धनादेशाने सुपरमॅन विकत घेतला गेला तो कागद २०१२ साली लिलावात निघाला आणि एक लाख साठ हजार डॉलरला गेला. दहा सेंटच्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला विकली गेली. संग्राहकांचा बाजार असा आहे. अन्यायाची पावतीसुद्धा तेथे मोलाची ठरते. फक्त ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस तेवढा स्वस्त.

आता बाहुल्यांविषयी. अमेरिकेत जकातीचा एक मजेदार खटला झाला. माणसाच्या आकाराची बाहुली असेल तर जकात बारा टक्के आणि इतर खेळणे असेल तर ६.८ टक्के, असा तेव्हा नियम होता. एक्स-मेन नावाच्या वीरांच्या बाहुल्या चीनमधून आणणाऱ्या टॉय बिझ कंपनीने सांगितले, की हे वीर माणसे नव्हेतच! जानेवारी २००३ मध्ये न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. या वीरांच्या कथांचा सारा मथितार्थ हा, की हे वेगळे दिसणारे लोकही आपल्यासारखी माणसेच आहेत. चाहत्यांस अर्थातच वाईट वाटले. पाच टक्के वाचविण्यासाठी मालकाने आपल्याच वीरांचे माणूसपण काढून घेतले.

बाहुलीचे माणूसपण गेले तर आपण हसू. पण ती बाहुली करणाऱ्या हातांचे काय? १० मे १९९३ रोजी, याच उन्हाळ्याच्या दिवसांत, थायलंडमध्ये बँकॉकजवळ केडर कंपनीच्या खेळण्यांच्या कारखान्यास आग लागली. १८८ कामगार गेले. त्यांत बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याची दारे बंद होती. पोलादी सांगाड्यास आगीपासून संरक्षण नव्हते, त्यामुळे इमारत थोड्याच वेळात कोसळली. वरच्या मजल्यांवरून मुलींनी उड्या टाकल्या. उडणारा महानायक तेथे कोणी आला नाही. त्या कारखान्यात परदेशांतील मुलांसाठी कापडी व प्लास्टिकच्या बाहुल्या होत असत. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमधील शेनझेन येथे खेळण्यांच्या दुसऱ्या कारखान्यात आग लागून ८७ जण मेले. आणि एवढ्या घामाने घडविलेल्या वस्तूंचे शेवटी काय होते? मार्च २०२३ मध्ये फंको या बाहुल्यांच्या कंपनीने जाहीर केले, की तीन ते ३.६ कोटी डॉलरच्या घरातील न खपलेला माल आम्ही नष्ट करणार, कारण तो ठेवण्याचा खर्च परवडत नाही. अपेक्षेपोटी माल वाढला, अपेक्षा ओसरली आणि माल कचऱ्यात गेला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग चित्रपट पाहू नयेत, बाहुल्या घेऊ नयेत. आमचे तसे म्हणणे नाही. आमच्या त्या पोरांकडे सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. १४ जुलै २०२३ पासून ९ नोव्हेंबर २०२३ पर्यंत अमेरिकेतील चित्रपट-नटांचा संप झाला. लेखकांचा संप त्याआधीच मे महिन्यात सुरू झाला होता. नटांच्या संघटनेचा नियम असा, की काम तर करावयाचे नाहीच, पण झालेल्या चित्रपटाची जाहिरातही करावयाची नाही. त्या जुलैत सान दिएगो येथील चाहत्यांचा मोठा मेळा बड्या ताऱ्यांशिवाय भरला. कंपन्यांनी काही चित्रपट पुढे ढकलले. ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपट १० नोव्हेंबरला लागला आणि त्यातील नटांना त्याविषयी बोलण्यास मोकळीक मिळाली ती केवळ आदल्या दिवशी. वाट पाहावयास लावणारे यंत्र कोणाच्या हातांनी चालते, हे तेव्हा साऱ्या जगास दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरात मार्व्हलच्या चित्रपटांत संगणकावर दृश्ये सजविणाऱ्या पन्नासाहून अधिक कामगारांनी एकमुखाने युनियनच्या बाजूने मत दिले. महानायकाला आकाशात उडविणारे हे हात, आणि त्यांस युनियन मिळावयास २०२३ साल उजाडावे लागले!

गेल्या काही दिवसांपूर्वी तो २०१९ चा पोरगा आम्हांस पुन्हा भेटला. आता त्यास मुलगा आहे आणि मुलाच्या हाती कोळीमानवाची लाल-निळी बाहुली होती. आम्ही ती हाती घेऊन उलटी केली. तळाशी बारीक अक्षरांत देशाचे नाव होते, करणारीचे नव्हते. आम्ही त्यास सीगल आणि शुस्टर यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “अण्णा, हे त्या वेळी सांगितलं असतं, तर आम्ही सभेला आलो असतो.”

हा ठपका आम्ही मान्य केला. जो माणूस एका गोष्टीची अकरा वर्षे वाट पाहू शकतो, अनोळखी लोकांबरोबर रात्रभर रांगेत उभा राहू शकतो, एका नटासाठी पत्र लिहू शकतो, त्याच्याजवळ निष्ठा आहे, धीर आहे आणि संघटनेची पहिली पायरीही आहे. ते आम्हांस दिसले नाही, हा आमचा दोष. या निष्ठेचा थोडा भाग पडद्यामागच्या माणसांच्या वाट्यास यावा, इतकेच मागणे आहे. येणाऱ्या चित्रपटाची झलक पाहताना विचारा, याचे मूळ कोणी रचले आणि त्यास काय मिळाले? बाहुली विकत घेताना विचारा, ती जेथे झाली तेथील दारे उघडी होती काय? आणि हे प्रश्न चित्रपट लागण्यापूर्वी विचारा. नंतर विचारलेल्या प्रश्नास मालक उत्तर देत नसतो.