तोट्याचा रकाना



कृषिपत्रांच्या संपादकांनी व वार्ताहरांनी भरविलेल्या या संमेलनाचे अध्यक्षपद मजकडे सोपवून आपण जो बहुमान केलात, त्याबद्दल आभार मानण्याचा उपचार मी एवढ्याच वाक्यात उरकतो. कारण मृगाच्या तोंडावर घरची बी-बियाण्यांची धावपळ मागे टाकून आलेल्या मंडळींना प्रास्ताविकात अडकवून ठेवणे बरे नव्हे, आणि जो विषय मला मांडावयाचा आहे तो थोडा कडू असल्यामुळे आपण तो ताज्या मनाने ऐकावा अशी माझी इच्छा आहे. विषय आहे सेंद्रिय शेतीला वाहिलेल्या, एखाद्या प्रदेशापुरत्या वृत्तपत्राचा, आणि ते चालविणाऱ्या माणसांचा.

सेंद्रिय शेतीची गोष्ट निघाली की आपल्याकडे दोन तट पडतात. एका तटाच्या मते हे सारे ज्ञान पुराणकाळापासून आपल्या घरात होतेच; दुसऱ्याच्या मते हे पोटभरल्या पाश्चात्त्यांचे खूळ असून त्यापायी आपली कोठारे रिकामी होतील. दोघांनीही इंदूरचे दप्तर एकदा चाळावे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीवर बिहारातील पुसा येथे आला, १९२४ पासून होळकरांच्या इंदुरात त्याने वनस्पतिसंशोधनाची संस्था चालविली, आणि १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा याविषयीचा जो ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव आहे; ते वाचून मराठी माणसाने क्षणभर थांबावे. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, ठरावीक अंतराने ढीग उलथवावयाचा आणि सुमारे तीन महिन्यांत खत हाती घ्यावयाचे, ही जगभर ‘इंदूर पद्धती’ म्हणून गाजलेली रीत या ग्रंथातली. हॉवर्डने रयत आणि कीड या दोघांना आपले गुरू मानले. रयतेला गुरू म्हणणारे पुष्कळ भेटतात, निवडणुकीच्या हंगामात तर फारच. परंतु किडीला गुरू मानणे म्हणजे नासलेल्या पिकापाशी बसून ते का नासले याचा शोध घेणे होय, आणि तेवढी सहनशक्ती शास्त्रज्ञांत थोडी व संपादकांत त्याहून थोडी असते.

हाच हॉवर्ड १९४२ साली अमेरिकेत जे. आय. रोडेल याने पेनसिल्व्हेनियातून काढलेल्या सेंद्रिय शेतीच्या मासिकाचा सहसंपादक झाला. त्या मासिकाला खऱ्या शेतकऱ्यांकडून मिळालेला प्रतिसाद इतका थंड होता की लवकरच त्याचा रोख परसबागवाल्यांकडे वळला आणि नावही तसेच बदलले. शेतीचे पत्र शहरातल्या हौशी वाचकाच्या वर्गणीवर जगू लागले म्हणजे त्याचे काय होते, याचा हा जुना दाखला आपण ध्यानी ठेवावा.

याच्या उलट उदाहरण त्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यातले आहे. तेथे १९७१ साली शेतकऱ्यांची एक सेंद्रिय संघटना उभी राहिली, तिच्या शाखा पुढे सात राज्यांत पसरल्या, आणि तिने ‘द नॅचरल फार्मर’ या नावाचे पत्र साध्या वृत्तपत्री कागदावर चालविले. या पत्राचे संपादकपद जॅक किट्रेज या गृहस्थांनी तीन दशकांच्या आसपास सांभाळले. ते मॅसॅच्युसेट्समधील बॅरी या लहानशा गावी पत्नी ज्युली रॉसन यांच्यासह स्वतः शेती करीत, आणि त्या बाईही संघटनेचे काम पाहत. तीन-तीन महिन्यांनी निघणाऱ्या या अंकाची रीत अशी की, प्रत्येक वेळी एकच विषय घ्यावयाचा, त्या विषयात हात मळलेल्या शेतकऱ्यांच्या शेतावर जाऊन त्यांना सविस्तर बोलते करावयाचे, आणि वाचकाला पुढच्या हंगामात वापरता येईल इतके तपशील त्यात उतरवावयाचे. संपादकाच्याही पिकावर गारा पडत असल्यामुळे ‘एकरी अमुक इतके’ असे कोणी सांगताच त्याच्या भिवया आपोआप वर जात. अशा पत्रांचा आणि संघटनांचा उपयोग किती, हे पुढे दिसले. १९९७ च्या डिसेंबरात अमेरिकी कृषिखात्याने सेंद्रिय मालाच्या नियमांचा पहिला मसुदा काढला आणि जनुकीय फेरफार केलेले वाण, किरणोत्साराने टिकविलेले अन्न व शहरी मैल्याचा गाळ यांना सेंद्रियाच्या व्याख्येत शिरण्यास वाट मोकळी ठेवली, तेव्हा खात्याच्या टेबलावर पावणेतीन लाखांवर अभिप्राय येऊन पडले आणि २००० सालच्या अंतिम नियमावलीतून या तिन्ही गोष्टी हद्दपार झाल्या.

खेड्यातून पत्र चालविण्याची परंपरा आपल्यालाही नवी नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढले आणि त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केले. नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे आणि पुढे तरवडी अशा खेड्यांतून, जेथे टपाल येण्याचीही मारामार, तेथे छापखाना बसवून त्यांनी हे पत्र १९६७ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. ‘दीनमित्र’ शेतीचे पत्र नव्हते, ते सत्यशोधक विचारांचे होते. परंतु ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्याच शिवारात राहावयाचे, ही शिस्त त्याने घालून दिली. आज कृषिवृत्ताला वाहिलेले दैनिक मराठीत २००५ पासून निघते आहे, मासिकांची तर वाण नाही. साधनांची उणीव ही सबब आता आपल्याजवळ उरलेली नाही.

मग उणीव कशाची? आपल्या पत्रांचे कोणतेही पान उघडा. तेथे यशोगाथा असते. फेटा बांधलेला शेतकरी हातात भलामोठा भोपळा घेऊन उभा असतो, खाली ठळक अक्षरांत एकरी लाखांचा आकडा असतो, आणि पहिल्याच परिच्छेदात त्याने नोकरी सोडून मातीची वाट धरलेली असते. मला त्या शेतकऱ्याविषयी आदर आहे. माझा वाद त्या आकड्याशी आहे. तो ठोक उत्पन्नाचा आहे की खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्याचा? घरच्या बायकांनी केलेली खुरपणी मजुरीत धरली आहे काय? शेणखत गोठ्यातले की दर गाडीस पैसे मोजून आणलेले? माल कोणत्या पेठेत, कोणाला, कोणत्या भावाने गेला आणि त्याची पट्टी कोणी पाहिली? जमाबंदीच्या काळातला साधा कारकूनसुद्धा कीर्द आणि खतावणी यांची रुजवात घातल्याशिवाय सही करीत नसे. आपण मात्र कोणी फोनवर सांगितलेला आकडा मथळ्यात चढवितो, आणि तो वाचून शेजारच्या तालुक्यातला एखादा तरुण सोसायटीचे कर्ज काढतो.

सेंद्रिय शेतीच्या बाबतीत ही निष्काळजी विशेष घातक ठरते, आणि त्याचे कारण या शेतीच्या स्वभावातच आहे. आपल्याकडील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी रूपांतराचा काळ जावा लागतो. हंगामी पिकांना २ वर्षे आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना ३ वर्षे. या काळात रासायनिक खताची सवय झालेली जमीन पुष्कळदा हात आखडता घेते, उतारा घटतो, तण माजते, आणि माल अजून ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नसल्यामुळे चढा भावही मिळत नाही. म्हणजे उत्पन्न नव्या पद्धतीचे आणि दर जुन्या पद्धतीचा, असा दुहेरी फटका बसतो. जे शेतकरी ही वाट सोडून परत युरियाच्या पोत्याकडे वळतात त्यांतील पुष्कळ याच टप्प्यावर वळतात, आणि नेमक्या याच टप्प्याविषयी आपली पत्रे मौन पाळतात. पाचव्या वर्षीच्या हसऱ्या शेतकऱ्याचे छायाचित्र सर्वांना हवे असते. दुसऱ्या वर्षी बांधावर डोक्याला हात लावून बसलेल्याकडे वार्ताहर फिरकत नाही. संकोच न ठेवता सांगतो, या मौनात काही वाटा आपल्या श्रद्धेचा आहे. सेंद्रियवाद्यांत गुरू आणि संप्रदाय निर्माण झाले. दोनशे लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती या जीवामृताच्या प्रमाणाला मंत्राचे पावित्र्य आले. आणि ते एखाद्या रानात लागू पडले नाही तर दोष रानाचा, अशी मनोवृत्ती बळावली. संप्रदायाच्या मुखपत्राला ही वृत्ती चालेल, वृत्तपत्राला चालणार नाही.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो वेगळ्या पायावर: प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि फळ काय आले ते इतरांना कळवावे. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांना या परिवाराचा लाभ झाला हे सर्वश्रुत आहे. पण त्यातील मर्म असे की, वेलीचे पान किती सूर्यप्रकाश घेते आणि त्यातून किती माल येऊ शकतो याचा हिशेब मांडावयास त्यांनी शेतकऱ्यालाच शिकविले. हिशेब मांडता आला म्हणजे तो चुकलेलाही पाहता येतो, आणि चुकलेला हिशेब दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. कृषिपत्राने असा परिवार व्हावे.

येथे एक छापखान्यातली गोष्ट सांगू द्या. कवितेत मुद्रणदोष राहिला तर फार तर कवी रुसतो, आणि काही वेळा अर्थ सुधारतोही! परंतु निंबोळी अर्काच्या कृतीत १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीऐवजी भलताच आकडा पडला तर तो फवारणीच्या पंपापर्यंत जातो. विषारी औषधांच्या बाबतीत तर प्रमाणाची आणि खबरदारीची माहिती हा थेट जिवाचा प्रश्न होय. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर पंचनामे झाले, चौकश्या झाल्या, आणि कृषिपत्रांच्या मलपृष्ठांवर कीटकनाशकांच्या पानभर जाहिराती पूर्ववत झळकत राहिल्या. जाहिरातीवाचून पत्र चालत नाही हे मला कळते. पण ज्या अंकात विषमुक्त शेतीचा अग्रलेख आहे त्याच अंकाचे देयक विषाच्या कंपनीने भरावे, हा व्यवहार वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. आणि ‘सेंद्रिय’ म्हणून बाटल्या विकणाऱ्यांची जाहिरात तेवढी निर्दोष असते असेही समजू नये. बाटलीत काय आहे याची चौकशी तेथेही करावीच लागते.

महाराष्ट्राचे नऊ कृषि-हवामान विभाग मानले जातात. कोकणातल्या जांभ्या मातीला जे खत भावते ते विदर्भातल्या काळ्या कसदार रानाला तसेच्या तसे लागू होत नाही, आणि माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आंबोलीच्या पावसातले प्रयोग सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. यास्तव सेंद्रिय शेतीचे पत्र प्रादेशिक असावे. ते लहान राहील, त्याचा खप काही हजारांवर जाणार नाही. परंतु त्यातला शेतकरी वाचकाला मोटारसायकलीवर जाऊन भेटता येईल, आणि ज्याला भेटता येते तो फुगवून आकडे सांगत नाही.

अशा पत्राचे वार्ताहर कोण असावेत? कोंभाळणे या अकोले तालुक्यातल्या गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी गावरान वाणांचे बी त्यांनी जपले, ओळखले आणि वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिळाल्यावर आपण सारे कॅमेरे घेऊन पोचलो. पेरणीपासून राशीपर्यंतच्या कामाचा मोठा भाग ज्या स्त्रिया करतात त्यांचे ज्ञान लिहून घेण्यास लेखणी घेऊन बसणारा माणूस पत्रात हवा. त्यांनी लिहून पाठवावे अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता मागणे तेवढे मागतो. आपापल्या पत्रात दर अंकी एक रकाना तोट्याचा ठेवा. त्यात पीक कोणते, जमीन कशी, रूपांतराचे वर्ष कितवे, खर्च किती, हाती काय आले आणि शेतकऱ्याच्या मते चुकले कोठे, एवढे सहा तपशील त्याच्या संमतीने, हवे तर नाव झाकून छापा. यशोगाथेच्या शेवटी विक्रीची पट्टी स्वतः पाहिली की नाही ते लिहा. ज्या कंपनीची जाहिरात अंकात आहे तिच्या मालाचे नाव लेखात येऊ देऊ नका. खरीप तोंडावर आहे. या वर्षी रूपांतराच्या पहिल्या वर्षात उतरणारे निदान एक कुटुंब प्रत्येक संपादकाने आजच ठरवावे, पेरणीच्या दिवशी त्याच्या बांधावर जावे, आणि पीक साधो वा बुडो, त्याचा जमाखर्च दिवाळीनंतरच्या अंकात जसाच्या तसा वाचकांपुढे ठेवावा.