पडद्याबाहेर राहिलेलं गिऱ्हाईक



१९६४ साली अमेरिकेत ‘अ हाउस इज नॉट अ होम’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक रसेल राउस, मुख्य भूमिकेत शेली विंटर्स. दारूबंदीच्या काळात न्यूयॉर्कमधला सर्वांत गाजलेला कुंटणखाना चालवणाऱ्या पॉली अ‍ॅडलर या बाईची ही जीवनकथा. चित्रपट म्हणून तो सामान्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी आजचं व्याख्यान त्याच्यावर द्यावंसं वाटलं, कारण एका खऱ्या आयुष्यातून त्याने काय उचललं आणि काय टाकलं, हे फार बोलकं आहे. त्याने बाईचं दुःख उचललं. तिच्या धंद्यातले भागीदार आणि तिची गिऱ्हाइकं मात्र टाकली. खरा गुन्हा त्या भागीदारीतच होता, असं माझं म्हणणं आहे.

आधी ती बाई कोण, ते पाहू. पॉलीचं मूळ नाव पर्ल. जन्म १९०० सालचा, पिन्स्कजवळच्या यानव या गावातला. हा मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज बेलारूसमध्ये आहे. घर ज्यू, बाप शिंपी. पोटच्या मुलांना एकेक करून अमेरिकेला धाडायचं आणि मग सगळ्यांनी जायचं, असा बेत होता. पहिली गेली ही तेरा वर्षांची मुलगी, एकटी. मॅसॅच्युसेट्समध्ये ओळखीच्या कुटुंबाकडे राहून ती शाळेत जाऊ लागली. तोच १९१४ चं महायुद्ध पेटलं. घरून येणारे पैसे थांबले, परतीची वाट बंद झाली. पुढे ब्रुकलिनमध्ये नातेवाइकांच्या घरी राहून तिने कारखान्यांत काम केलं. तिथल्या मुकादमाने सतराव्या वर्षी तिच्यावर बलात्कार केला. दिवस गेले, गर्भपात करावा लागला आणि नातेवाइकांचं घरही सुटलं.

१९२० साली ती मॅनहॅटनमध्ये होती. एका दारूतस्कराने तिला रिव्हरसाइड ड्राइव्हवर एक फ्लॅट घेऊन दिला. अट एवढीच, की आपल्या भेटीगाठींसाठी ती जागा मोकळी असावी. तिथून धंदा सुरू झाला.

याच वर्षी, १७ जानेवारी १९२० पासून, अमेरिकेत दारूबंदी अंमलात आली होती. ती १९३३ च्या डिसेंबरपर्यंत टिकली. या कायद्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दारू गाळणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा होता. पिणं हा गुन्हा नव्हता. आपल्याकडचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा वेगळा. तो पिणाऱ्याकडेही परवाना मागतो, म्हणून तर ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या रस्त्यांवर इतकी वर्षं टिकून आहे. न्यूयॉर्कमधल्या पिणाऱ्याला अशी काही भीती नव्हती. वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषाचंही तेच. खटला बाईवर व्हायचा. पुरुष फार तर पोलिसांचा साक्षीदार म्हणून उभा राहायचा. पॉलीच्या दिवाणखान्यात बसलेला माणूस असा दोन्ही कायद्यांपासून सुरक्षित होता. हातातल्या पेल्याचा गुन्हेगार दुसरा आणि शेजारी बसलेल्या मुलीची गुन्हेगार ती मुलगीच!

हा माणूस कोण होता? पश्चिम पंचाहत्तराव्या रस्त्यावर ‘मॅजेस्टिक’ नावाची नवी इमारत झाली, तिथे पॉलीने बिऱ्हाड थाटलं. चोरजिने, चोरदरवाजे, माहजाँग खेळायला चिनी थाटाची खोली. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे लेखक रॉबर्ट बेंचली तिथले नेहमीचे. तिच्या कपाटात कोणती पुस्तकं असावीत हे त्यांनी आणि लेखिका डोरोथी पार्करने ठरवलं, असं सांगतात. महापौर जिमी वॉकर यांचं नाव तिच्या पाहुण्यांत येतं. डच शुल्ट्झ आणि लकी ल्युचियानो हे टोळीवाले तर होतेच. लेखक, राजकारणी, दलाल, गुंड एका खोलीत बसून पीत होते, पत्ते खेळत होते. सगळेच येत नव्हते बाईसाठी. पुष्कळ जण नुसते बसायला येत. शहराची सत्ता संध्याकाळी पाय पसरून बसायची, ती जागा ही.

आता चित्रपटात यातलं काय आहे ते पाहा. सुरुवातीचा कारखाना आहे, बलात्कार आहे, नातेवाइकांनी दार लावून घेणं आहे. शेली विंटर्सने हा भाग मनापासून केला आहे. तीही ब्रुकलिनमध्ये वाढलेली, ज्यू घरातली, बाप कपड्यांच्या धंद्यातला. ही मुलगी तिला आतून कळली असणार. मग रॉबर्ट टेलरने केलेला दारूतस्कर कॉस्टिगन येतो आणि तिला आसरा देतो. पुढे एक वादक तरुण तिच्यावर प्रेम करतो. धंद्यामुळे आपण त्याच्या योग्य नाही असं ठरवून ती त्याला दूर करते. एडिथ हेड यांनी केलेले कपडे इतके देखणे, की त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. शीर्षकगीत बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या जोडीचं, आणि आज चित्रपटापेक्षा त्या गाण्याचंच नाव अधिक आहे. सीझर रोमेरोने केलेला ल्युचियानो तर खऱ्या नावानिशी पडद्यावर वावरतो. गुंडाचं नाव उघड घ्यायला हॉलिवूडला भीती वाटली नाही. पण पॉलीकडे येणारे इतर गृहस्थ त्यांच्या खऱ्या नावांनिशी या चित्रपटात सापडत नाहीत.

हॉलिवूडची नीतिसंहिता तेव्हा अजून लागू होती, ती १९६८ साली गेली, असा बचाव कोणी करील. तो काही अंशी खरा आहे. कुंटणखान्यात काय चालतं ते दाखवायला मनाई होती. पण मी शयनगृह मागत नाही, मी न्यायालय मागतो आहे. न्यायालय दाखवायला कोणी मनाई केली नव्हती.

त्या न्यायालयात काय चाललं होतं, ते पाहा. १९३० सालच्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात सॅम्युएल सीबरी या माजी न्यायाधीशांनी न्यूयॉर्कच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयांची चौकशी सुरू केली. जे बाहेर आलं ते ऐकवत नाही. अनीतिविरोधी पथकाचा एक खबऱ्या असे. तो एखाद्या एकट्या बाईकडे जाई. ती खोल्या भाड्याने देणारी विधवा असेल, परिचारिका असेल. काहीतरी निमित्त काढून तो घरात पैसे ठेवी, आणि दुसऱ्या क्षणी पोलीस आत शिरत. वेश्याव्यवसायाचा आरोप तयार! जामीनदार दारातच उभा. जामीनदार वकील सुचवी, वकील रकमेचा आकडा सांगे. बाईने आयुष्यभराची पुंजी काढून दिली, की पोलीस साक्षीत अडखळे आणि ती सुटे. नाही दिली, तर तुरुंग. मिळालेल्या पैशांचे वाटे पडत. आपण खटले सोडून द्यायला पैसे घेत होतो, अशी कबुली सरकारी वकिलाच्या कचेरीतल्या एका माणसाने दिली. चिले अकुन्या नावाच्या खबऱ्याने भर चौकशीत उभं राहून, कोणत्या पोलिसासाठी आपण काम केलं, हे बोट दाखवून सांगितलं. जीन नॉरिस या शहराच्या पहिल्या स्त्री मॅजिस्ट्रेट. त्यांना १९३१ साली पदावरून काढण्यात आलं. बायकांना न्याय मिळावा म्हणून एक बाई त्या खुर्चीवर बसली होती, आणि तिच्याही न्यायालयात बायकांचा बळी जात होता. याचं मला फार वाईट वाटतं.

व्हिव्हियन गॉर्डन हे नाव मी आज मुद्दाम घेणार आहे. १९२३ साली एका पोलिसाने आपल्याला खोट्या आरोपात अडकवलं आणि त्यामुळे आपली मुलगी आपल्यापासून तुटली, अशी तिची तक्रार होती. सीबरींच्या वकिलांकडे ती सांगायला गेली. काही दिवसांतच, २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, ब्रॉंक्समधल्या व्हॅन कॉर्टलँड पार्कमध्ये गळा आवळलेल्या अवस्थेत तिचं प्रेत सापडलं. वर्तमानपत्रांतून आईचं आयुष्य चव्हाट्यावर आलं आणि तिच्या सोळा वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. खुनाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

पॉलीलाही चौकशीचं समन्स निघणार होतं. ती फ्लोरिडाला निघून गेली आणि काही महिने लपून राहिली. परतल्यावर तिला साक्षीला बोलावलं गेलं, पण तिने कोणाचं नाव घेतलं नाही. चौकशीची धग अखेर सिटी हॉलपर्यंत गेली आणि १ सप्टेंबर १९३२ रोजी महापौर वॉकर यांनी राजीनामा दिला. पॉली मात्र धंद्यात राहिली आणि १९३५ साली पकडली गेली. तीस दिवसांची शिक्षा झाली, त्यांतले चोवीस दिवस तिने स्त्रियांच्या तुरुंगात काढले. शहराचा महापौर घरी गेला. तुरुंगात गेली ती पॉली. गिऱ्हाइकांपैकी कोणीही तिच्याकडे गेल्याबद्दल एक दिवसही कोठडीत गेलं नाही.

चित्रपट या साऱ्याला ओझरता स्पर्श करून प्रेमाच्या त्यागाकडे वळतो. तुम्हाला हे ओळखीचं वाटत असेल. संजय लीला भन्साळींचा ‘गंगूबाई काठियावाडी’ आपण २०२२ साली पाहिला. कामाठीपुऱ्याची ही कथा हुसैन झैदी यांच्या पुस्तकातून आली. तिथेही फसवली गेलेली मुलगी आहे, देखणे कपडे आहेत, पाठीशी उभा राहणारा मोठ्या मनाचा गुंड आहे आणि मालकिणीने आपल्या हाताने दुसरीला देऊन टाकलेलं प्रेम आहे. अट्ठावन्न वर्षं आणि दोन खंडांचं अंतर, पण साचा तोच. अशा बाईला आपण क्षमा करतो, पण त्यासाठी तिने सुख नाकारलं पाहिजे. भन्साळींच्या चित्रपटात निदान ती भर सभेत उभी राहून समाजाला जाब विचारते. राउस यांच्या पॉलीला तेवढंही मिळालं नाही.

पॉली निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिच्याकडच्या मुली अर्धी कमाई तिला देत. तिनेच पुढे लिहिलं, की त्यांतल्या किती जणी व्यसनात आणि आजारात संपल्या. मुकादमाने जे तिच्याशी केलं, त्याच व्यवस्थेत ती स्वतः दुसऱ्यांच्या शरीरावर पैसा मिळवत राहिली. पोलीस अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करताना तळहातात शंभर डॉलरची नोट असे, हे तिने स्वतः नोंदवलं आहे. तिला देवी करू नये. पण तिचा दोष मोजताना, त्या नोटेवर दुसरा हातही होता, हे विसरू नये.

धंदा सोडून ती कॅलिफोर्नियाला गेली. चाळिशी उलटून गेल्यावर अर्धवट राहिलेली शाळा पुरी केली, कॉलेजात नाव घातलं, पदविका मिळवली. तेरा वर्षांच्या मुलीला जे हवं होतं ते तिने इतक्या उशिरा घेतलं. १९५३ साली तिचं आत्मचरित्र आलं, लेखनाला व्हर्जिनिया फॉकनर यांची मदत होती. वीस लाखांवर प्रती खपल्या. चित्रपटाचं नाव त्याच पुस्तकाचं. जिवंत गिऱ्हाइकांची नावं तिने त्यात बव्हंशी झाकली. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये कर्करोगाने ती वारली, चित्रपट पाहायला ती उरली नव्हती. तिने झाकलेली कितीतरी नावं आणि तारखा पुढे इतिहासकार डेबी अ‍ॅपलगेट यांनी शोधून काढल्या; त्यांचं ‘मॅडम’ हे चरित्र २०२१ साली प्रसिद्ध झालं.

माझी विनंती एवढीच आहे. हा चित्रपट मिळाला तर शेली विंटर्ससाठी जरूर पाहा. पण त्याआधी अ‍ॅपलगेट यांचं चरित्र वाचा, आणि आपल्या गावच्या ग्रंथालयात ते नसेल तर ग्रंथपालांना मागवायला सांगा. व्हिव्हियन गॉर्डनबद्दलची पानं आधी काढा.